आपली अक्षरे कळांवर कोणी मांडली?



दिवाळी सरली की आमच्या गेवराई तालुक्यातली गावे निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जाते, तर कोणी थेट कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शिकणारी मुले. मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे अशी पुष्कळ मुले माझ्या वर्गात असतात. आईबाप कोपीवर आणि मूल आजीजवळ. मधला धागा काय, तर मोबाइल.

असाच एक विद्यार्थी. घरी थोडा कापूस निघाला होता. आजीच्या सांगण्यावरून त्याने तो गेवराईच्या बाजारात घातला आणि वडिलांना मोबाइलवरून दोन शब्द कळवले. मुलांच्या सवयीप्रमाणे मराठी शब्द, पण इंग्रजी अक्षरांत. एम-ए-एल, आणि पुढे व्ही-आय-के-एल-ए. वडील चौथी शिकलेले. मराठी वाचता येते, इंग्रजी येत नाही. त्यांनी मोबाइल टोळीतल्या एका पोराच्या हातात दिला. पोराने वाचून दाखवले, "माळ विकला."

आता पाहा. मुलाने लिहिले होते 'माल विकला', आणि बापाच्या कानावर पडले 'माळ विकला'. गावाबाहेरचा दोन एकरांचा माळ हीच त्या घराची एकुलती एक जमीन. रात्री मुलाचा फोन लागेना. त्या गृहस्थाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपण इथे कोयता चालवतो आहोत आणि मागे कोणी म्हातारीचा अंगठा घेऊन जमीन लिहून तर नेली नाही ना, या विचाराने तो माणूस रात्रभर कोपीबाहेर बसून राहिला. सकाळी फोन लागला आणि जीव भांड्यात पडला. पुढे सगळे हसले. पण मला काही ते हसण्यावारी नेता आले नाही.

हंगाम संपल्यावर तेच वडील मुलाबरोबर महाविद्यालयात आले होते. मी कॉम्प्युटरवर काही मराठी मजकूर लिहीत बसलो होतो. ते बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत होते. मग म्हणाले, "सर, वर तर समदं इंग्रजी लिव्हलंय, अन् आत मराठी कसं उमटतं? ही अक्षरं हितं मांडली कुणी?"

प्रश्न साधा होता, पण मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. रोज ज्या कळांवर बोटे चालवतो त्या कोणी मांडल्या, हे मराठी शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक नसावे याची लाज वाटली. नंतर वाचून, विचारून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

शेतकरी बंधूंना मी तिफणीचे उदाहरण देईन. दोन फणांत अंतर किती ठेवायचे, चाड्यातून बी तीन नळ्यांत सारखे कसे उतरवायचे, हे केव्हातरी कोणीतरी डोके लावून ठरवले. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, पण तास सरळ पडते ते त्याच्या पुण्याईने. अक्षरांच्या कळफलकाचेही असेच आहे. फरक एवढाच की हे काम फार जुने नाही, आणि ते करणाऱ्यांची नावे सांगता येतात.

पण त्याआधी अडचण काय होती ते समजून घेऊ.

यंत्राची आणि आपल्या लिपीची गाठ पडली तेव्हापासून तंटा एकच होता. इंग्रजीला अक्षरे सव्वीस. लहान-मोठी धरली तरी बावन्न. आपली मुळाक्षरे त्यांच्याहून फार जास्त नाहीत, पण आपण ती एकापुढे एक नुसती ठेवत नाही. काना मागे लागतो, वेलांटी पुढे येते, उकार खाली जातो, मात्रा डोक्यावर चढते. जोडाक्षरात तर अर्धी अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात. छापखान्यात जुळारी, म्हणजे कंपोझिटर, खिळे जुळवायचा तेव्हा त्याच्यापुढे शेकडो खण असत. लोकमान्य टिळकांनी 'केसरी' चालवताना ही अडचण जवळून पाहिली होती. खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल यासाठी त्यांनी स्वतः खटपट केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तर इ, ई, उ, ऊ ही अक्षरेच बाजूला ठेवून 'अ'ला वेलांट्या आणि उकार लावावेत, असे सुचवले. ही 'अ'ची बाराखडी 'किर्लोस्कर' मासिकाने काही काळ वापरलीही.

या खटपटींमागचा हेतू चांगलाच होता. पण त्यांची दिशा एकच दिसते. यंत्राला लिपी पेलत नाही, तेव्हा लिपीला कात्री लावा. जी लिपी यंत्रात बसली नाही तिचे काय होते, हे आपण मराठवाड्यात डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या घरातल्या जुन्या पेटीत पणजोबांचे कागद असतील. त्यांतले काही मोडीत, काही उर्दूत. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत कचेरीची भाषा उर्दू होती, पण घरचा हिशेब आणि देणेघेणे मोडीत चाले. मोडी हाताने भराभर लिहायला सोयीची, पण छापायला अवघड. छपाई वाढली तशी मोडी मागे पडली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेतूनही गेली. आज तोच कागद वाचून घ्यायला जाणकार शोधत हिंडावे लागते. लिपी कागदावर जिवंत असते आणि वाचणारा मात्र उरत नाही, ही गोष्ट किती महागात पडते ते ज्याची जमिनीची तारीख कोर्टात चालू आहे त्याला विचारा.

पुढे टाइपरायटर आला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरी ख्रिस्तोफर शोल्स या गृहस्थाने १८६८ साली त्याचे पेटंट घेतले, आणि १८७४ च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले. आज इंग्रजी कळफलकावर वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय असा जो क्रम दिसतो तो तिथपासूनचा. या क्रमात ए-बी-सी-डी नाही की उच्चाराचा काही नियम नाही. यंत्राचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून अक्षरे अशी पांगवली, असे एक कारण सांगतात. कारण काही असो, जगाने तोच क्रम पाठ केला.

देवनागरीचा टाइपरायटर निघाला तेव्हा त्याच साच्यात आपली लिपी बसवावी लागली. कळा सुमारे शेहेचाळीस, एका कळेवर दोन चिन्हे, म्हणजे सारी मिळून नव्वदीच्या घरात. एवढ्यात सगळी अक्षरे कशी मावणार? तेव्हा अक्षरांचे तुकडे केले. अर्धा ख, अर्धा ण, अर्धा श आणि त्याला जोडायचा काना. टायपिस्ट अक्षर लिहीत नसे, तो आकार जुळवत असे. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी आणि मग 'क', कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. तहसील कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसून अर्ज टाइप करणाऱ्या मंडळींनी हे अवघड काम इतक्या सफाईने केले की त्यांच्या बोटांना नमस्कारच करावा. पण ती विद्या हाताची होती. बाराखडी येणाऱ्याला ती आपोआप येत नसे. त्यासाठी क्लास लावून महिनोन्‌महिने बसावे लागे.

कॉम्प्युटर आला तेव्हा हीच जुनी रीत त्यात नेऊन बसवण्याचा मोह साहजिक होता, आणि पुष्कळांनी तसे केलेही. त्याचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका परीक्षेची प्रश्नपत्रिका तयार करून पेनड्राइव्हवर नेली. दुसऱ्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवर ती उघडली, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. 'प्रश्न पहिला' कुठे आहे तेच सापडेना. मुले बाहेर उभी, आणि मी फळ्यावर आठवून आठवून प्रश्न लिहितो आहे! झाले होते असे, की त्या मजकुरात मराठी अक्षर मुळी नव्हतेच. आत साठवलेली होती इंग्रजी अक्षरे, आणि त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवलेला होता. तो मुखवटा, म्हणजे तो विशिष्ट फाँट, दुसऱ्या यंत्रात नव्हता. मुखवटा गळाला आणि आतला माणूस परका निघाला.

आता ज्यांनी ही दिशा बदलली त्यांच्याकडे येऊ.

कानपूरला आयआयटी ही तंत्रशिक्षणाची मोठी संस्था आहे. तिथे डॉ. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर कशा आणाव्यात या प्रश्नावर काम करत होते. १९८३ साली दिल्लीला तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा देवनागरीत चालणारे त्यांचे यंत्र तिथे लोकांना दाखवण्यात आले. याच कामात मोहन तांबे हे तरुण अभियंते होते. आज 'इन्स्क्रिप्ट' या नावाने ओळखला जाणारा कळफलक आणि त्यामागची सारी व्यवस्था यांच्याशी त्यांचे नाव जोडले जाते. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, तेव्हा तांबे ते काम घेऊन पुण्याला आले. तिथे 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार झाले. साध्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवले की भारतीय लिप्या पडद्यावर उमटत. दरम्यान १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या समितीने भारतीय लिप्यांच्या कळफलकाचा अहवाल प्रसिद्ध केला होता. अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचे राष्ट्रीय मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले, आणि त्यात या कळफलकालाही जागा मिळाली. हे काम एका माणसाचे नव्हे, अनेकांचे. तरी घर बांधताना मुख्य गवंड्याचे नाव घ्यायचे असते, म्हणून मी तांबे आणि सिन्हा ही दोन नावे मुद्दाम घेतो.

त्यांनी केले काय? त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. माणसाने उच्चार सांगावा, आकार यंत्राने काढावा. 'कि' म्हणताना आपण आधी 'क' म्हणतो, मग 'इ'. तेव्हा लिहितानाही आधी 'क' आणि मग वेलांटी. ती पुढे नेऊन काढण्याची काळजी यंत्राची. जोडाक्षर कसे जुळवायचे ही काळजीही यंत्राचीच. लिपीला कात्री लावायची नाही, यंत्राला लिपी शिकवायची. मग माणसाला किती कळा लागतात? आपली वर्णमाला मावेल एवढ्या. आणि तेवढ्या इंग्रजी कळफलकावर आधीपासूनच आहेत.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. जवळ कॉम्प्युटर नसला तरी चालेल. एक कागद घ्या आणि चौकोनांच्या तीन ओळी काढा. मधली ओळ इंग्रजी ए, एस, डी पासून सुरू होते. तिच्यावर क्यू, डब्ल्यू, ई ची ओळ, आणि खाली झेड, एक्स, सी ची.

डावा हात स्वरांचा. मधल्या ओळीत डावीकडून ओ, ए, अ, इ, उ. त्यांच्या बरोबर वरच्या कळांवर औ, ऐ, आ, ई, ऊ. नीट पाहा, खाली इ तर तिच्या डोक्यावर ई. खाली उ तर वर ऊ. ऱ्हस्व खाली, दीर्घ वर. नुसती कळ दाबली की त्या स्वराचे चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार, मिळते. शिफ्टची कळ दाबून धरली की पूर्ण स्वर मिळतो. आणि 'अ'ची गंमत अशी, की त्याला चिन्ह नाही. तो प्रत्येक व्यंजनात मुरलेलाच असतो. म्हणून त्याच्या कळेवर नुसते बोट ठेवले की व्यंजनातला 'अ' निघून जातो, म्हणजे अक्षराचा पाय मोडतो. जोडाक्षराची सारी किल्ली या एका कळेत आहे.

उजवा हात व्यंजनांचा. मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. वरच्या ओळीत ब, ह, ग, द, ज, ड. आता शाळेत पाठ केलेले वर्ग आठवा. क, ख, ग, घ. 'क'च्या वरच्या कळेवर 'ग' आहे. शिफ्ट दाबून 'क'चा 'ख' होतो आणि 'ग'चा 'घ'. तसेच 'त'वर 'द', आणि शिफ्टने थ व ध. 'च'वर 'ज', 'ट'वर 'ड', 'प'वर 'ब'. पाचही वर्ग असेच बसवलेले. कठोर वर्ण खाली, मृदू वर्ण वर, आणि 'ह'कार मिसळलेले महाप्राण शिफ्टमध्ये. शिक्षक बंधू-भगिनींनो, व्याकरणाच्या तासाला आपण अल्पप्राण-महाप्राण, कठोर-मृदू असे शिकवतो, आणि मुले म्हणतात की याचा उपयोग काय. हा पाहा उपयोग! दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या वैयाकरणांनी जिभेच्या आणि श्वासाच्या जागा तपासून वर्ण मांडले. ती मांडणी या लोकांनी जशीच्या तशी बोटांखाली आणून ठेवली.

खालच्या ओळीत झेडची कळ सोडली की अनुस्वार, म, न, व, ल, स, आणि शेवटी य. म, न, व ही व्यंजने असूनही डावीकडे गेली, कारण उजवीकडे जागा उरली नाही. एवढा अपवाद लक्षात ठेवावा लागतो. शिफ्टने 'म'चा ण, 'ल'चा ळ आणि 'स'चा श होतो. 'र'वर शिफ्ट दाबले की मराठीतला खास 'ऱ' मिळतो. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत व्यासपीठ आणि चूल एवढे अंतर आहे. तो भेद इथे एका कळेने साधतो.

आता आपल्या गावाचे नाव लिहू. ग, मात्रा, व, र, काना, शिफ्टसह ई. गेवराई. सहा कळा दाबल्या की झाले. 'पुस्तक' लिहा. प, उकार, स, पायमोड, त, क. तोंडाने म्हणत जा आणि बोटाने दाबत जा. बहुतेक वेळा उजव्या हाताने व्यंजन आणि डाव्या हाताने त्याची मात्रा. जुवाला जुंपलेली बैलजोडी जशी पाऊल टाकते तसे दोन्ही हात चालतात, एकावरच सगळा भार येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही मांडणी एकट्या मराठीची नाही. बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड, तमिळ या सगळ्या लिप्यांचा वर्णक्रम मुळात एकाच घरचा. म्हणून ज्या कळेवर आपला 'क' आहे त्याच कळेवर कन्नडचाही 'क' आहे. आमच्या टोळ्यांबरोबर कर्नाटकात जाणारे मूल तिथल्या शाळेत बसले तर फळ्यावरचे आकार त्याला परके वाटतील, पण कळफलकावर त्याची बोटे चुकणार नाहीत. देश एक आहे हे आपण भाषणातून पुष्कळ ऐकतो. इथे ते बोटांना कळते.

आणि माझ्या प्रश्नपत्रिकेच्या फजितीचे काय? त्यावरचा उपायही याच घराण्यातला. कानपूर आणि पुण्याच्या कामातून प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. पुढे साऱ्या जगाच्या लिप्यांसाठी युनिकोड नावाची व्यवस्था आली, तेव्हा तिने देवनागरीची मांडणी १९८८ च्या या भारतीय संकेतावरूनच घेतली. आता 'ळ' हा 'ळ' म्हणूनच साठवला जातो. तो गेवराईत लिहा आणि न्यूयॉर्कला उघडा, 'ळ'च दिसेल. २०१४ साली तर आपल्या मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. ज्या लिपीला यंत्राने घराबाहेर काढले होते तिला यंत्रानेच परत घरात घेतले.

इथे कोणी म्हणेल, "प्राध्यापक महाराज, हे सगळे खरे. पण आता मोबाइलवर इंग्रजीत लिहिले तरी समोर मराठी होऊन येते. नुसते बोलले तरी लिहून येते. मग या कळा कशाला पाठ करायच्या?"

शंका रास्त आहे. घाईच्या वेळी मीही त्या सोयी वापरतो. मोबाइलवर मुळाक्षरांच्या रांगा दाखवणारे कळफलक आहेत, तेही चांगले. ज्यांच्या बोटांत टाइपरायटरची जुनी रीत बसली आहे त्यांनी ती सोडावी, असेही मी म्हणणार नाही. पण इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना यंत्र अंदाज बांधते. एम-ए-एल म्हणजे माल, माळ, मळ की मल, हे ते ठरवणार आणि आपण मान डोलावणार. शिवाय त्यासाठी आधी इंग्रजी अक्षरे यायला हवीत. ज्या बापाला चौथीपर्यंतची बाराखडी येते त्याने आपल्याच भाषेत दोन ओळी लिहायला परक्या लिपीच्या दारातून का जावे? या कळफलकावर त्याला सरळ आत येता येते. मला या मांडणीचे मोठेपण वाटते ते यात. ती तयार करणाऱ्यांनी असे धरून चालले नाही, की कॉम्प्युटरला हात लावणारा माणूस आधी इंग्रजी शिकून येईल.

दोषही सांगितले पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या कळफलकांवर बहुधा इंग्रजी अक्षरेच छापलेली असतात, म्हणून नव्या माणसाला सुरुवातीला चाचपडावे लागते. पायमोडीची सवय व्हायला चार दिवस जातात. पण यापायी पैसे खर्च करावे लागत नाहीत. शाळेत जो कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल त्यात हा कळफलक बहुधा आधीच असतो. भाषेच्या यादीतून फक्त मराठी निवडायची असते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गाच्या भिंतीवर तेलरंगाने या तीन ओळी रंगवून टाका. पाचवीपासूनच्या मुलांना पुठ्ठ्याचा कळफलक करायला लावा. पहिले तीन दिवस फक्त डावा हात, म्हणजे स्वर आणि मात्रा. पुढचे चार दिवस उजवा हात, एकेक वर्ग घेऊन. मग खालची ओळ. मग पायमोड आणि जोडाक्षरे. रोज अर्धा तास दिलात तर पंधरा दिवसांत मूल न बघता आपले नाव लिहू लागते, असा माझा आमच्या विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे. आम्ही चार-पाच शिक्षक आणि एक निवृत्त तलाठी असे काही जण आता याचे वेडच घेऊन बसलो आहोत. भेटलो की कोणाला कोणता शब्द किती कळांत आला याच्याच गप्पा. घरची मंडळी हसतात. हसू देत. पूर्वी सुंदर अक्षराचे कौतुक होत असे. आता चांगल्या मांडणीचे का होऊ नये?

राहता राहिले ते आमचे पालक. त्या दिवशी मुलाने त्यांना समोर बसवले आणि कागदावर तीन ओळी काढून दिल्या. पुढच्या हंगामाला जाताना त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि मोबाइलमध्ये तीच मांडणी मुलाकडून बसवून घेतली. दिवाळीनंतर महिनाभराने त्यांचा पहिला निरोप मुलाला आला. त्याने तो मला वर्गाबाहेर गाठून दाखवला. "माल कधी विकनार. माळ नांगरून घे." 'विकणार'मधला 'ण' हुकला होता. पण 'ल' आणि 'ळ' दोन्ही आपापल्या जागी होते.

आपल्याही घरात मूल असेल, शेजारी एखादा जुना कॉम्प्युटर असेल. आज त्याला आपल्या गावाचे नाव तेवढे या कळांवर लिहायला सांगा. आणि ते पडद्यावर उमटले की कानपुरात आणि पुण्यात खपलेल्या त्या माणसांची नावेही त्याला सांगा.